दात किडू नयेत म्हणून व्हिटॅमिन: कुठलं, कधी द्यायचं आणि कुठे त्याचा उपयोग नाही

मी खारघरला एका डेंटल क्लिनिकमध्ये असिस्टंट आहे आणि आमच्याकडे लहान मुलांच्या आया सगळ्यात जास्त जो प्रश्न विचारतात तो हा, की मॅडम याच्या दाढा किडल्यात म्हणजे कुठलंतरी व्हिटॅमिन कमी पडतंय का, एखादं चांगलं सिरप लिहून द्या ना. प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण व्हिटॅमिनचा आणि दाताचा संबंध खरंच आहे, फक्त तो आपण समजतो त्या जागी नाहीये. म्हणून एकदा नीट सगळं लिहून काढते, ज्यांच्या घरी लहान बाळ आहे किंवा होणार आहे त्यांनी तर शेवटपर्यंत वाचाच.

आधी कीड लागते कशी ते. तोंडात बॅक्टेरिया असतातच, त्यातला स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा मुख्य. आपण साखर किंवा पिठूळ काही खाल्लं की ते त्यातून ॲसिड बनवतात, आणि तोंडातला पीएच (ॲसिड मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कडक थरातून म्हणजे एनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडायला लागतं. मग लाळ हळूहळू ते ॲसिड धुऊन काढते आणि ते कॅल्शियम परत दातात जातं, याला अर्धा पाऊण तास तरी लागतो. जर मूल दर तासाला बिस्किट, वेफर्स, ज्यूस असं काहीतरी तोंडात टाकत राहिलं तर लाळेला वेळच मिळत नाही, आणि मग आधी पांढरा डाग, नंतर तपकिरी, नंतर खड्डा. म्हणजे रोज तोंडात एक भांडण चालू असतं, आणि त्यात व्हिटॅमिन कुठे येतं तर बहुतेक वेळा भांडण सुरू व्हायच्या कितीतरी आधी.

कारण एनॅमल एकदा बनून दात बाहेर आला की त्यात जिवंत पेशी उरत नाहीत. हाड मोडलं तर जुळतं, एनॅमल गेलं की गेलं, शरीर नवीन बनवत नाही. आमच्या नवी मुंबईत जिथे बघाल तिथे टॉवरचं काम चालू असतं म्हणून हेच उदाहरण देते, स्लॅब भरतानाच सिमेंट कमी पडलं तर नंतर वरून कितीही महागाचा रंग मारा, उपयोग नाही. दाताचा स्लॅब भरला जातो तो हिरडीच्या आत. दुधाच्या दातांचं एनॅमल बाळ पोटात असताना साधारण चौथ्या महिन्यापासूनच बनायला लागतं. सहाव्या वर्षी जी पहिली कायमची दाढ येते, तिचं काम जन्माच्या आसपास सुरू होतं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तिचा वरचा भाग तयार झालेला असतो. आठव्या वर्षापर्यंत अक्कलदाढ सोडून बाकी सगळ्या दातांचं एनॅमल बनून होतं. म्हणजे पोटात असल्यापासून आठ वर्षं, एवढाच काळ व्हिटॅमिन दाताची बांधणी सुधारू शकतं. दहा वर्षांच्या मुलाच्या किडलेल्या दाढेसाठी सिरप मागायला येता तेव्हा ती दाढ बनून कितीतरी वर्षं झालेली असतात.

आता एकेक व्हिटॅमिन घेऊ, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही कारण सगळ्यांचं महत्त्व सारखं नाही. सगळ्यात मोठं नाव व्हिटॅमिन डी. आपण खातो ते कॅल्शियम आतड्यातून रक्तात जायला डी लागतं, ते नसेल तर नाचणी खा नाहीतर दूध प्या, बरंचसं तसंच बाहेर जातं. हे काही आजचं नाही, शंभरेक वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये मे मेलनबी नावाच्या बाईंनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं होतं की आहारात हे व्हिटॅमिन नसेल तर दात वेडेवाकडे आणि एनॅमल कच्चं येतं. तेव्हापासून मुलांवरही बरेच अभ्यास झाले, आणि वॉशिंग्टन विद्यापीठाच्या फिलिप हुजोएल यांनी असे २४ अभ्यास, जवळजवळ ३००० मुलांचे, एकत्र करून बघितले तर डी दिलेल्या मुलांमध्ये कीड साधारण ४७ टक्के कमी दिसली. हा ४७ चा आकडा जाहिरातींमध्ये लगेच उचलला जातो, पण त्यांनी स्वतःच सांगितलंय की यातले बरेच अभ्यास फार जुने आहेत, १९२० च्या दशकापासूनचे, आणि त्यावरून छातीठोक काही म्हणता येत नाही. दुसरा एक चांगला अभ्यास डेन्मार्कचा, २०१९ ला आलेला. त्यात गरोदर बायकांना शेवटच्या महिन्यांत जास्तीचं डी दिलं, तर त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी एनॅमलचे दोष जवळपास निम्मे दिसले, पण दात किडण्याच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही. मला हे दोन्ही अभ्यास एकत्र वाचल्यावर जे समजतं ते असं, की डी मुळे दात मजबूत बांधला जातो, पण त्या मजबूत दातावरही रोज साखर ओतली तर तो किडणारच.

मग डी मिळवायचं कसं. ऊन तर आपल्याकडे भरपूर आहे, पण ते अंगावर पडत नाही ही खरी अडचण आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला राहा नाहीतर नवी मुंबईत सीवूड्सला, मूल सकाळी व्हॅनमधून शाळेत, तिथून क्लासला, आणि संध्याकाळी खाली खेळायला उतरतं तेव्हा ऊन कलतं झालेलं असतं. काचेच्या खिडकीतून जे ऊन येतं त्याने डी बनत नाही, कारण त्यासाठी लागणारे यूव्हीबी किरण काच अडवते, त्यामुळे बाळाला बंद बाल्कनीच्या काचेमागे उन्हात ठेवून काही होत नाही. कोवळ्या उन्हाबद्दलपण घरोघरी समज आहे, पण सूर्य अगदी खाली असताना ते किरण फार कमी असतात. सोपी खूण म्हणजे आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान पडली पाहिजे. साधारण दहा वाजल्यानंतर हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ, त्वचा लाल व्हायच्या बरंच आधी सावलीत. रविवारी सकाळी जरा उशिरा ठाण्यात तलावपाळीला किंवा उपवनला फिरायला गेलात, नवी मुंबईत पाम बीच रोडच्या बाजूला सायकल चालवलीत, तर हे आपसूक होतं. जून ते सप्टेंबर ढगच असतात, तेव्हा उन्हाच्या भरवशावर राहू नका.

खाण्यातून डी फार थोड्या गोष्टींत मिळतं. मासे खाणाऱ्यांनी बांगडा आणि तारली विसरू नका. लोक पापलेट सुरमईसाठी रांगा लावतात पण डी च्या बाबतीत ही स्वस्तातली तेलकट मासळीच कामाची, आणि बेलापूरला दिवाळ्याच्या बाजारात सकाळी ताजी मिळते. अंड्याचं फक्त पांढरं खायची फॅशन आलीय, डी मात्र पिवळ्या बलकात असतं. शाकाहारी घरांनी दुधाच्या पिशवीवर आणि तेलाच्या पुड्यावर इंग्रजी एफ आणि अधिकचं चिन्ह असलेला निळा लोगो बघा, त्याचा अर्थ त्यात ए आणि डी घातलेलं आहे. मोठ्यांना दिवसाला ६०० युनिट लागतं असं आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद सांगते, आणि पहिल्या वर्षातल्या बाळाला बालरोगतज्ज्ञ रोज ४०० युनिटचे ड्रॉप्स देतात, ते आईचं दूध पिणाऱ्या बाळालाही. हे ड्रॉप्स दोनतीन महिन्यांनी कंटाळून बंद केले जातात असं मी खूप बघते. कृपा करून करू नका, याच काळात कायमच्या पुढच्या दातांचं आणि पहिल्या दाढेचं एनॅमल बनत असतं.

आणि एक गोष्ट काळजीने सांगते. ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल मेडिकलमधून आणून स्वतःच्या मनाने महिनोन्महिने घेऊ नका, मुलांना तर अजिबात देऊ नका. डी जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही, शरीरात साठतं, रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि किडनीला त्रास होतो. शंका असेल तर रक्ताची टेस्ट करा, डॉक्टर सांगतील तेवढे आठवडे घ्या आणि थांबा, घेताना दुधाबरोबर किंवा जेवणानंतर घ्या कारण डी स्निग्धाबरोबर शोषलं जातं.

कॅल्शियम व्हिटॅमिन नाही पण त्याच्याशिवाय डी काय करणार. यासाठी पावडरचे डबे आणायची गरज नाही, आपल्या स्वयंपाकघरातच आहे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम, ग्लासभर दुधात २४० च्या आसपास, तिळात तर भरपूरच. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलीग्रॅम पुरतं. नाचणीची भाकरी, ताकातली आंबील, तिळाची चटणी, राजगिऱ्याची भाजी, शेवग्याचा पाला, सुकट जवळा, हे आठवडाभर आलटून पालटून येऊ द्या. फक्त नाचणीसत्वात गूळ किंवा साखर किती टाकता ते बघा, आणि चिक्की दाढेत चिकटून बसते म्हणून ती मधल्या वेळेला चघळायला देण्यापेक्षा जेवणानंतर लगेच द्या आणि वर पाणी प्यायला लावा.

व्हिटॅमिन ए लाळेच्या ग्रंथींसाठी आणि एनॅमल बनवणाऱ्या पेशींसाठी लागतं. याचा डोस सरकारकडून फुकट मिळतो, नवव्या महिन्यात गोवर रुबेलाच्या लसीबरोबर पहिला, दीड वर्षाच्या आसपास दुसरा आणि मग दर सहा महिन्यांनी पाच वर्षांचं होईपर्यंत, जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीत. लोक दीड वर्षाच्या डोसनंतर जायचंच सोडतात. कार्ड काढून बघा कुठला राहिलाय. बाकी गाजर, लाल भोपळा, पालक, शेपू, पपई, आंब्याच्या दिवसात आंबा.

व्हिटॅमिन सी बद्दल मोठा घोळ आहे. सी हिरड्यांसाठी आहे, ते फारच कमी पडलं की हिरड्या सुजतात, रक्त येतं, दात हलतात, यालाच स्कर्व्ही म्हणतात, आणि जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने १७४७ मध्ये खलाशांना संत्री लिंबं देऊन हे दाखवलं होतं. पण सी मुळे कीड थांबते असं नाही. उलट चघळायच्या सी च्या गोळ्या आहेत ना, आंबट गोड, त्या ॲसिडच असतात, रोज चघळून चघळून एनॅमल झिजतं. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्याही तशाच. सी हवं तर पेरू खा, एका पेरूत दिवसभराचं होऊन जातं, आवळा जेवणात घ्या, खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि लगेच ब्रश करू नका, अर्धा तास जाऊ द्या, कारण ॲसिडने मऊ झालेल्या एनॅमलवर ब्रश घासला की ते आणखी झिजतं. आणि हिरड्यांतून रक्त येतं म्हणून सी च्या गोळ्या सुरू करण्याआधी दाखवून घ्या, आपल्याकडे बहुतेक वेळा कारण साचलेलं किटण असतं, सी ची कमतरता नाही.

हेच गमीजचंही, म्हणजे चघळायच्या मऊ गोड व्हिटॅमिनच्या गोळ्यांचं. मला याचा खरंच राग येतो, कारण आया पदरमोड करून महागाच्या गमीज आणतात, मुलाचं भलं व्हावं म्हणून, आणि त्यातल्या बऱ्याच साखरेच्या चिकट गोळ्या असतात ज्या नेमक्या दाढेच्या खाचेत जाऊन बसतात. रात्री ब्रश झाल्यावर एक गमी, म्हणजे रात्रभर कीडीला जेवण, कारण झोपेत लाळ खूप कमी होते. मल्टिव्हिटॅमिन डॉक्टरांनी दिलंच असेल तर ड्रॉप्स किंवा गिळायची गोळी मागा, सिरप असेल तर जेवणाबरोबर द्या आणि नंतर पाणी. खोकल्याचं, तापाचं गोड सिरपही तसंच.

आयर्नच्या ड्रॉप्सचं मात्र उलटं आहे. त्याने दात काळे दिसतात आणि घरचे घाबरून औषध बंद करतात, की औषधाने दात किडले. ती कीड नसते, वरचा डाग असतो, क्लिनिकमध्ये साफ करता येतो. आयर्न बंद करू नका, ड्रॉपरने जिभेच्या मागच्या बाजूला सोडा आणि वर पाणी द्या.

व्हिटॅमिन के२ ने किडलेला दात आपोआप भरून येतो असे व्हिडिओ हल्ली खूप फिरतात. तसं सिद्ध झालेलं नाही. खड्डा पडला की तो सिमेंट भरूनच बंद करायचा, उशीर केला की मग आरसीटी म्हणजे रूट कॅनाल आणि कॅप.

गरोदर असाल तर तुमचं खाणं हेच बाळाच्या दुधाच्या दातांचं सामान. बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं असं घरातल्या मोठ्या बायका सांगतात, तसं होत नाही, दातातून कॅल्शियम असं काढलं जात नाही. या दिवसात दात खराब होतात ते उलट्यांच्या ॲसिडमुळे, सारखं थोडंथोडं खाण्यामुळे आणि हार्मोनमुळे हिरड्या सुजतात म्हणून. उलटी झाली की लगेच ब्रश नको, पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून चूळ भरा. डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियम आणि आयर्न एकाच वेळी घेऊ नका, वेगवेगळ्या वेळी घ्या. डी ची लेव्हल आपल्या गायनॅकना विचारून घ्या.

दात बाहेर आले की मग मुख्य काम फ्लोराइडचं, आणि ते व्हिटॅमिन नाही, एनॅमलला ॲसिडपासून वाचवणारं खनिज आहे. साधारण १००० पीपीएम फ्लोराइड असलेली पेस्ट, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वटाण्याएवढी, पहिला दात आल्यापासूनच. लहान मुलांच्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच, बॉक्स उलटा करून वाचा, सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट लिहिलेलं पाहिजे. थुंकायचं, पण भसाभसा चूळ भरून धुऊन टाकायचं नाही. रात्रीचा ब्रश तर कधीच चुकवू नका, आणि सातआठ वर्षांपर्यंत तो आईबाबांनीच करून द्यायचा. झोपताना दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं बंद, वरचे पुढचे चार दात सगळ्यात आधी याच सवयीने जातात. दोन वर्षांपर्यंत वरून साखर नको, आणि त्यानंतरही जेवढी कमी तेवढं बरं. डब्ल्यूएचओ म्हणतं त्याप्रमाणे मोठ्यांनाही शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण सहा चमचे, आणि दोनतीन कप गोड चहा आणि बिस्किटं झाली की ते संपतात.

घरी महिन्यातून एकदा हे करा. मुलाला खिडकीजवळ बसवा, मोबाईलचा टॉर्च लावा, वरचा ओठ उचला आणि हिरडीच्या कडेला दातावर खडूसारखी पांढरी रेघ दिसते का बघा. ती दिसली तर घाबरू नका पण थांबूही नका, या टप्प्यावर खड्डा पडलेला नसतो आणि फ्लोराइड वार्निश (क्लिनिकमध्ये दातावर लावतात तो फ्लोराइडचा लेप), ब्रश, खाण्याच्या वेळा एवढ्यावर कीड परत फिरू शकते. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे गुपचूप एक दाढ येते, दुधाचा कुठलाही दात न पडता येते त्यामुळे कळतच नाही, आणि ती कायमची असते. ती पूर्ण वर आली की तिच्या खाचा भरून घ्या, सीलंट म्हणतात त्याला, दुखत नाही, सुई लागत नाही.

घरातल्या आजीआजोबांचं वेगळं. त्यांची लाळ कमी झालेली असते, बीपीच्या आणि इतर बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, मग तोंड ओलं राहावं म्हणून खडीसाखर किंवा गोळी चघळत बसतात आणि हिरडी खाली गेलेल्या जागी मुळाशी कीड लागते. त्याऐवजी पाण्याचा घोट घोट, किंवा नुसती बडीशेप. डायबिटीससाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ कमी होऊ शकतं, शाकाहारी असतील तर आणखीच. जीभ लाल गुळगुळीत होणं, आग होणं, तोंडाचे कोपरे फाटणं ही त्याची लक्षणं, यात दात किडत नाहीत पण जेवण जात नाही आणि ब्रश करायला दुखतं म्हणून टाळला जातो. बी१२ ची टेस्ट करून घ्या. आणि आजी मशेरी लावत असेल तर ती भाजलेली तंबाखू आहे, दात साफ होत नाहीत, हिरड्या जातात आणि कॅन्सरचा धोका येतो, प्रेमाने पण नेटाने सोडवा.

खर्चाची काळजी असेल तर आपल्याकडे सोय चांगली आहे. नेरूळ, खारघर, कामोठे इथे डेंटल कॉलेजं आहेत, तिथल्या ओपीडीत विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो पण पैसे प्रायव्हेटपेक्षा बरेच कमी. ठाण्यात कळव्याचं महापालिकेचं हॉस्पिटल आहे. सरकारी शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते, ती दातही बघते, त्यांनी चिठ्ठी दिली तर ती घरी पडू देऊ नका. कुठेही गेलात तरी मुलाला चालू असलेली सगळी सिरपं, ड्रॉप्स, गमीज पिशवीत घालून घेऊन जा, लेबल बघून डॉक्टर लगेच सांगतील कुठलं ठेवायचं, कुठलं बंद करायचं आणि डी दोन बाटल्यांतून दुप्पट तर जात नाहीये ना.